काकींची नोटीस शारजाला कशी पोहोचली

आषाढातली रात्र होती आणि वीज गेलेली. ७९ वर्षांच्या काकी न्हाणीघरात घसरून पडल्या, त्या सकाळी दूध घालणारा पोरगा येईपर्यंत तिथेच होत्या. डावं मनगट मोडलं होतं. हाका मारल्या म्हणाल्या, पण कौलांवर पाऊस कोसळत असताना हाक पडवीच्या पुढे जात नाही. शिवाय जाणार कुणाकडे? उजवीकडचं घर गणपतीत उघडतं, डावीकडचं मे महिन्यात.

त्यांचा एकुलता मुलगा त्या वेळी शारजात रात्रपाळीला होता. बातमी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी, चुलतभावाने पाठवलेल्या फोटोतून कळली. फोटोत फक्त प्लास्टर घातलेला हात. त्याने तासाभरात दहा हजार रुपये पाठवले.

मी आमच्या तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघात अर्ज-कागदांचं काम बघतो. शाळेत भूगोल शिकवायचो, निवृत्तीनंतर अर्ज लिहायला शिकलो. ही फाइल माझ्या हातून गेली म्हणून ती इथे मांडतो आहे, काकींना विचारून. गाव, नावं आणि ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे. वृद्धांचे हक्क, देशादेशांतलं सहकार्य, असे शब्द मी परिसंवादांत पुष्कळ ऐकले होते. त्यांचा नेमका अर्थ काय होतो, ते सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका वाडीतून शारजाला सव्वापानी नोटीस पाठवायची वेळ आली तेव्हा कळायला लागलं.

घर, कलमं आणि पैसा

आमच्याकडची माणसं कमी होतायत हे सांगायला जनगणना नको, पण आकडे आहेत ते असे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली, सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. गेलेला माणूस पूर्वी मुंबईत सापडायचा. मुंबईचा चाकरमानी निरोप मिळाल्यावर रात्रीची गाडी धरून सकाळी दारात उभा राहतो. शारजाच्या चाकरमान्याला आधी रजा मागावी लागते, मग तिकीट.

काकींच्या यजमानांनी ६४ हापूस कलमांची बाग काकींच्याच नावावर घेतली होती. ते २०१६ साली गेले. पुढच्या वर्षी काकींनी बाग आणि घर दोन्ही मुलाला बक्षीसपत्राने देऊन टाकलं. सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागलं. बाग दरवर्षी एका व्यापाऱ्याला कराराने जाते. त्या हंगामाचा करार १ लाख ६० हजारांचा होता. ही रक्कम मुलाच्या एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्याचं इथल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) जमा होते आणि तिथून पनवेलच्या फ्लॅटच्या हप्त्यांत जाते.

घरखर्चाला मुलगा महिन्याला आठ हजार पाठवायचा. ते काकींच्या खात्यात नव्हे, चुलतभावाच्या. बँक सहा किलोमीटरवर, काकींना एसटीची पायरी चढवत नाही, तेव्हा सोय म्हणून तसं ठरलेलं. चुलतभाऊ किराणा आणून टाकी, वीजबिल भरी. हिशेब कुणी मागितला नव्हता आणि त्याने दिला नव्हता. तो पैसे खात होता असं मला म्हणायचं नाही. पण तुमच्या हातात रोख किती पडते असं काकींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कधी शंभर, कधी नाय."

सरकारी आधार काय होता तेही बघितलं. श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार मिळतील का, म्हणून विचारायला गेलो. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. बाग दिल्यापासून कागदावर काकींचं काही नाही, म्हणजे त्या खरं तर निराधारच. दाखला देणारा माणूस हसला. "मास्तर, झील दुबईक आणि ही निराधार? साहेब माका घराक धाडतले." शारजा, दुबई, अबुधाबी, आमच्याकडे सगळी दुबईच.

आयुष्मानचं कार्ड मात्र निघालं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर लागू होतं. मोडलेल्या मनगटाला प्लास्टर घालून घरी पाठवलं तर कार्ड ट्रंकेतच राहतं. आणि काकींची अडचण प्लास्टरच्या खर्चाची नव्हतीच. रात्री घरात दुसरं माणूस नव्हतं, ही अडचण.

अर्ज द्यायला शिमगा उजाडला

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. मुलगा सांभाळत नसेल तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. वकील लागत नाही. उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालचं न्यायाधिकरण महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहाची रक्कम ठरवून देऊ शकतं. ही मर्यादा काढून टाकण्याचं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, ते मंजूर न होताच ती लोकसभा संपली.

मी हे सगळं काकींना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "माझ्या झिलावर मी तक्रार करतलंय? लोक तोंडात शेण घालतले."

आमच्या संघात येणाऱ्या दहांपैकी आठ जण इथूनच परत जातात, आणि मी त्यांना अडवत नाही. आईने मुलाविरुद्ध सरकारी शिक्क्याचा कागद काढणं ही लहान गोष्ट नव्हे. पण काकींनी विषय सोडलाही नाही. दर भेटीत तीच गोष्ट वेगळ्या वाटेने निघायची. एकदा म्हणाल्या, "पैशे येतत. माणूस येना नाय." एकदा म्हणाल्या की रात्री न्हाणीघरात जायला भीती वाटते म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. हे ऐकल्यावर मी पुन्हा अर्जाचं बोललो. शिमग्याला पालखी घरी येऊन गेली, मुलगा याही वर्षी आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी काकींनीच निरोप धाडला.

त्यांची एक अट होती. मुलीचं नाव अर्जात नको. कायद्यात मुलगी मुलाइतकीच जबाबदार आहे. बाग मिळालेला भाऊ आणि काहीच न मिळालेली बहीण एकाच ओळीत उभी राहतात. काकींना हे अन्यायाचं वाटलं आणि मलाही. मुलगी घाटावर दिलेली, तिच्या घरी सासू अंथरुणावर. तिचं नाव आम्ही घातलं नाही.

मला धास्ती होती ती वेगळीच: परदेशातल्या मुलावर हा कायदा चालतो का? चालतो. पहिल्याच कलमात लिहिलं आहे की हा कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. आखातात राहणाऱ्या आपल्या माणसाला तिथलं नागरिकत्व सहसा मिळत नाही, तो वीस वर्षांनीही भारतीयच राहतो. त्यामुळे शारजातला फिटर या ओळीत पक्का सापडतो. न्यू जर्सीत पासपोर्ट बदललेला इंजिनियर तिच्यातून निसटतो. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे होतं असं मला वाटत नाही.

अर्ज एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दाखल झाला. पुढे वाचनात आलं की त्याच आठवड्यात, ३ एप्रिलला, जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने वृद्धांच्या हक्कांसाठी बंधनकारक आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा करायला सरकारांचा कार्यगट नेमला. मतदान न घेता, एकमताने. त्याआधी १९८२ ची व्हिएन्नाची कृतियोजना झाली, १९९१ ची अठरा तत्त्वं झाली, २००२ ची माद्रिदची योजना झाली, आणि २०१० साली नेमलेल्या एका गटाने चौदा वर्षं चर्चा केली. मुलांसाठी, स्त्रियांसाठी, अपंगांसाठी जागतिक करार आहेत. म्हाताऱ्यांसाठी आजवर होती ती मार्गदर्शक तत्त्वं. १९९१ च्या तत्त्वांचे पाच गट आहेत: स्वावलंबन, सहभाग, काळजी, आत्मविकास, प्रतिष्ठा. मी ती काकींना वाचून दाखवली नाहीत. संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्या बाईला त्यातलं कुठलं लागू पडतं, याचा विचार मात्र घरी येताना केला. पाचही पडतात.

पोस्ट बॉक्स

गैरअर्जदाराचा पत्ता या रकान्यात मी काय लिहिलं? मुलाने कधीतरी पाकिटावर लिहिलेला पत्ता: कंपनीचं नाव, पोस्ट बॉक्स क्रमांक, शारजा. तिकडे टपाल घरोघर येत नाही, ते पोस्ट बॉक्समध्ये पडतं. एका बॉक्सवर कंपनीची शेकडो माणसं. भूगोलाच्या मास्तरने हे ओळखायला हवं होतं.

नोटीस परदेशी कशी पाठवायची, हे कायद्याच्या सहाव्या कलमात आहे: केंद्र सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्यामार्फत. वाचायला एक ओळ. प्रत्यक्षात नोटीस उपविभागीय कार्यालयातून जिल्ह्याला, तिथून मुंबईला, तिथून दिल्लीत कायदा मंत्रालयाच्या विधि व्यवहार विभागाकडे आणि पुढे परराष्ट्र खात्यातून अमिरातीत, असा प्रवास लिपिकाने मला कागदाच्या पाठीवर काढून दाखवला. भारत आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यात दिवाणी आणि व्यापारी बाबतींत न्यायालयीन सहकार्याचा १९९९ चा करार आहे. समन्स बजावणं, साक्षीपुरावे घेणं, हुकूमनाम्यांची अंमलबजावणी, सगळं त्यात आहे. अमिरातीतल्या न्यायालयांचे पैशांचे हुकूमनामे इथे थेट बजावता यावेत म्हणून भारताने जानेवारी २०२० मध्ये अधिसूचनाही काढली. तिकडच्या बँकेचं कर्ज बुडवून पळून आलेला माणूस आता इथे सापडू शकतो. उलट्या दिशेने, इथल्या आईसाठी, १९९९ च्या कराराचाच आधार. आणि तो करार न्यायालयांविषयी बोलतो. आमचे प्रांतसाहेब न्यायाधिकरणाच्या खुर्चीत बसले तरी महसूल खात्याचे अधिकारी.

दोन आठवड्यांनी विचारणा आली: सोबत अरबी भाषांतर हवं. मराठी नोटिशीचं आधी इंग्रजी, मग प्रमाणित भाषांतरकाराकडून अरबी. असा भाषांतरकार आमच्या जिल्ह्यात मला सापडला नाही, मुंबईत सापडला. अर्जाला काकींना एक पैसा पडला नव्हता, भाषांतराला काही हजार पडणार होते. ते कोण देणार? लिपिक भला माणूस. त्याने शासन निर्णयांची अख्खी फाइल चाळली आणि म्हणाला, "यासाठी लेखाशीर्षच नाही." म्हणजे हा खर्च दाखवायला सरकारी हिशेबात रकानाच नाही. शेवटी संघाच्या सहलीच्या निधीतून दिले. त्या वर्षी पुळ्याला जायचं राहिलं. एकदोघं अजून बोलून दाखवतात.

आणि मग एक गोष्ट ध्यानात आली, जी मी कायदा चारदा वाचूनही पाहिली नव्हती. अर्ज ९० दिवसांत निकाली काढायचा असतो, हे आम्ही प्रत्येक शिबिरात सांगतो. पण ते ९० दिवस अर्ज दिल्यापासून मोजत नाहीत. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून मोजतात. नोटीस पोहोचलीच नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. परदेशातला मुलगा मुद्दाम टाळतोय असं दिसलं तर एकतर्फी सुनावणी करता येते, पण ज्याला कागदच मिळाला नाही तो टाळतोय असं कसं म्हणायचं? नोटीस हिंडत असताना अंतरिम रक्कम मागायची सोय कायद्यात आहे. ती मागू म्हटलं तर काकी नको म्हणाल्या. त्यांना रक्कम नकोच होती.

या निमित्ताने आणखी एक करार वाचला. देशांच्या सीमा ओलांडून निर्वाहाचे पैसे वसूल करता यावेत म्हणून हेग इथे २००७ साली झालेला. फार विचाराने केलेली यंत्रणा आहे: प्रत्येक देशात एक मध्यवर्ती कार्यालय, ते दुसऱ्या देशातल्या कार्यालयाला कळवतं, पत्ता शोधणंही त्याचंच काम. पण हा करार आपोआप लागू होतो तो मुलांच्या आणि पती-पत्नीच्या निर्वाहाला. म्हाताऱ्या आई-वडिलांचा निर्वाह त्यात आणायचा तर देशाने तसं वेगळं जाहीर करावं लागतं. म्हणजे बापाने टाकलेल्या पोरासाठी जगाने रस्ता बांधला, पोराने टाकलेल्या बापासाठी पायवाट ठेवली, तीही ज्याला हवी त्याने वेगळी मागून घ्यायची. भारत या करारात नाही, अमिरातही नाही; तेव्हा आम्हाला पायवाटही नव्हती.

कागद पोहोचला तो असा

मे महिना संपत आला. आंबा उतरला, व्यापारी पेट्या घेऊन गेला. लिपिकाने आपल्या अखत्यारीत एक गोष्ट केली: नोटिशीची प्रत मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. "निळी खूण फाइलीक लावूक येना नाय, मास्तर," तो म्हणाला.

आमच्या वाडीतले पाच-सहा जण शारजा-दुबईत आहेत. एकमेकांना नोकऱ्या लावून दिलेल्या, एकाच इमारतीत दोन खोल्यांत राहतात. गणपतीला रजा मिळत नाही तर तिथेच खोलीत दीड दिवसाचा बसवतात. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी, मुलाहून आठ-दहा वर्षांनी मोठा, सगळे त्याला दादा म्हणतात. मी त्याला फोन केला. केस वगैरे काही बोललो नाही. काकी संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, एवढंच सांगितलं.

त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दादाने नोटिशीची छापील प्रत काढली आणि मुलाच्या खाटेवर नेऊन ठेवली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. मुलगा आधी दहा मिनिटं माझ्यावर ओरडला. मग चुलतभावावर. मग गप्प झाला.

माझ्या या कृतीबद्दल संघातच मतभेद आहेत. आमच्या अध्यक्षांचं म्हणणं, हा भावनिक दबाव झाला, गाववाल्यांकरवी लाज काढली. हक्काची लढाई अशी लढायची नसते. त्यांचं चूक नाही. ज्या आईचे गाववाले शारजात नाहीत, किंवा ज्या घराला वाडीने वाळीत टाकलंय, त्या आईला ही वाट नाही. तरी तीन महिन्यांत दोन सरकारांना जो कागद पोचवता आला नव्हता, तो एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेला, आणि मला त्याची खंत वाटत नाही.

मुलाची बाजू

प्रकरण लिहिताना मुलाला खलनायक करणं सोपं असतं. तो ५१ वर्षांचा आहे, एसीच्या कामावर फोरमन, खोलीत आणखी तिघं. रजा दोन वर्षांनी एकदा. कोविडच्या वर्षी पगार अर्धा झाला होता तेव्हाही त्याने आठ हजार चुकवले नाहीत. त्याच्या लेखी तो आईला सांभाळत होता, आणि बँकेचे उतारे त्याच्या बाजूने होते.

पनवेलच्या फ्लॅटबद्दल मी जरा खोचक विचारलं. त्याने मला साठीनंतरचा हिशेब सांगितला. नोकरी सुटली की अमिरातीच्या कायद्याप्रमाणे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळतं: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा, आणि सगळं मिळून दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त नाही. त्याचा मूळ पगार एकूण पगाराच्या निम्माही नाही. पेन्शन नाही. भारताने जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, कोरिया अशा देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार केले आहेत. पहिला बेल्जियमशी, २००९ पासून. तिकडे नोकरी करणाऱ्याची वर्गणी वाया जाऊ नये, नोकरीची वर्षं धरली जावीत, म्हणून. आखाती देशांशी असा एकही करार नाही. कोकणातला माणूस मात्र जातो तो आखातातच. "मी साठाव्या वर्षी येतलंय तेव्हा माझ्याकडे फ्लॅटाचा भाडा तरी असूक व्हया," तो म्हणाला. आईच्या आंब्यांचे पैसे तो स्वतःच्या म्हातारपणात घालत होता.

यावर काय बोलावं मला सुचलं नाही. त्याला मुलगा आहे, पुण्यात शिकतो, जर्मन भाषेचा क्लास लावलाय.

तडजोड

सुनावणीआधी समेट अधिकाऱ्याकडे प्रकरण गेलं. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज असा की पंख्याचा आवाज दबतो. काकींना रिक्षाने आणलं. मुलगा मोबाइलच्या पडद्यावर, मागे खाटेचा लोखंडी दांडा आणि वाळत घातलेला टॉवेल. पहिलं वाक्य त्याचं:

"आये, तू माझ्यार केस घातलंस?"

"मी खय? ह्या मास्तरांनी घातल्यानी," काकी म्हणाल्या, आणि लगेच, "जेवलंस?"

आमच्या हातात एक हत्यार होतं, त्याचा उल्लेख करायलाच हवा. या कायद्याचं २३ वं कलम. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीस दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. माणूस शारजात असला तरी हापूसची ६४ कलमं इथेच उभी आहेत. अडचण अटीची. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की अशी अट होती हे दिसायला हवं. जानेवारी २०२५ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने, हा कायदा वृद्धांच्या भल्यासाठी आहे तेव्हा तो उदारपणे वाचा, असं म्हटलं. काकींच्या बक्षीसपत्राची नक्कल काढली तर दस्त लिहिणाऱ्याने सवयीने एक वाक्य टाकलेलं: "लिहून घेणार हे लिहून देणार यांचा सांभाळ करीत असून यापुढेही करतील." ही अट की नुसतं कौतुक? माझ्या मते अट. पण मुख्याध्यापिकाबाईंनी ते वाक्य फक्त मोठ्याने वाचलं, दोनदा, आणि कागद खाली ठेवला. पुढे त्या कलमाचं नाव कुणी काढलं नाही.

ठरलं ते असं. बागेच्या कराराचे पैसे यापुढे काकींच्या खात्यात येतील, व्यापाऱ्याने थेट भरायचे. चुलतभावाकडून आठ हजारांचा व्यवहार बंद. त्याच्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल नव्हे, तर त्याच्यावरचं ओझं कमी व्हावं म्हणून, हे शब्द बाईंचे आणि ते कामाला आले. वाडीतली एक विधवा बाई रात्री काकींकडे झोपायला येईल, तिचा पगार मुलगा देईल. न्हाणीघरात कमोड आणि धरायला दांडा. वर्षातून एकदा मुलगा येईल. या शेवटच्या कलमाला समेट अधिकारी हसल्या, पण काकींनी ते लिहायलाच लावलं.

तडजोड झाली की न्यायाधिकरण तिच्याप्रमाणे आदेश काढतं. त्यासाठी मुलाची सही हवी आणि ती खरी आहे याची खातरी. म्हणजे दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही. वेळ आधी ठरवून घ्यायची, पासपोर्ट न्यायचा. त्याने बिनपगारी सुट्टी टाकली, कागद साक्षांकित करून कुरियरने पाठवला. नऊ दिवसांत आला. सगळ्या प्रकरणात ठरल्याप्रमाणे झालेलं सरकारी काम मला एवढं एकच आठवतं.

गणपतीला, म्हणजे २७ ऑगस्टला, मुलगा घरी होता. दांडा त्यानेच बसवला, कंपनीतल्या ड्रिलने. काकी रात्री पाणी पितात. रात्री झोपायला येणाऱ्या बाईशी त्यांचं टीव्हीवरून रोज भांडण होतं आणि दोघींना ते हवं असतं असा माझा समज आहे. फोनचं मात्र तडजोडीत लिहायचं राहून गेलं, आणि तो आठवड्यात एखादाच येतो.

लिफाफा

माघात एका सकाळी लिपिकाचा फोन. "मास्तर, शारजाचो लिफाफो परत इलो हा."

मी विसरलोच होतो. अधिकृत वाटेने गेलेली नोटीस, सगळी कार्यालयं हिंडून, परत आली होती. आमची मराठी नोटीस, तिच्यामागे इंग्रजी, तिच्यामागे सहलीच्या पैशांचं अरबी, आणि शेवटच्या पानावर दोन शिक्के नि हाताने लिहिलेल्या तीन ओळी. कार्यालयात त्या कुणालाच वाचता येईनात. मोहल्ल्यातल्या एका चाचांना बोलावलं. सौदीत सव्वीस वर्षं ट्रेलर चालवून परत आलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला.

"पत्ता अपुरा आहे म्हणतात. नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही. इमारतीचं नाव आणि खोली नंबर द्या, मग बजावतो." मग वरचं नाव वाचून म्हणाले, "हा तर आपल्या काकींचा ना? गणपतीत भेटला होता मला, तिठ्यावर."

लिपिकाने लिफाफा आवक नोंदवहीत चढवला, क्रमांक टाकला. मूळ फाइल कधीच निकाली निघून अभिलेख कक्षात गेलेली. तो थोडा वेळ पेन धरून बसला, मग माझ्याकडे बघून त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "खोली नंबर असा काय तुमच्याकडे? पत्तो पुरो करून परत धाडूक व्हयो."